पावलांची कुरकुर वेळीच ऐका

“वय झाले की पाय दुखायचेच” हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहजतेने उच्चारले जाते, की त्यात काही चुकते आहे अशी शंकाही कोणास येत नाही. गुडघा दुखला तर आपण डॉक्टरांकडे जातो. घोटा वा अंगठा दुखला तर तेल चोळून गप्प बसतो. गृहिणी तर ओट्यापाशी उभ्या राहून सारे सोसतात. पण एकेका पावलात 26 हाडे आणि 33 सांधे असून चालताना शरीराच्या वजनाहून कितीतरी अधिक भार त्यांवर येतो. त्यांची हेळसांड परवडणारी नाही.

पावलांच्या संधिवाताचे मुख्य प्रकार तीन. पहिला झिजेचा. तो बहुधा अंगठ्याच्या मुळाशी व पावलाच्या मध्यभागी दिसतो. घोट्यात मात्र तो पुष्कळदा जुन्या दुखापतीतून उद्भवतो. म्हणून मुरगळलेला पाय ओढून ‘बसवून’ घेण्याचा मोह टाळावा. पहिले दोन दिवस विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दर खेपेस पंधरा-वीस मिनिटे, पट्टी आणि उशीवर उंच ठेवलेला पाय, एवढे करावे. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबताच कळ येत असेल, तर एक्स-रे काढावाच.

दुसरा प्रकार आमवाताचा. हा पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक गाठतो. बहुधा दोन्ही पावलांचे लहान सांधे सुजतात, आणि सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ पाय आखडलेले राहतात. येथे विलंब फार महाग पडतो. सुरुवातीच्या काही महिन्यांत योग्य औषध मिळाल्यास सांधे वाचतात. एकदा वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत.

तिसरा वातरक्त, म्हणजे गाऊट. रक्तातील युरिक ॲसिड वाढून त्याचे सूक्ष्म स्फटिक सांध्यात साचतात. मग एखाद्या रात्री अंगठा लालबुंद होऊन असा ठणकतो, की चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. दुखणे ऐन भरात असताना रक्ततपासणी निर्दोष येऊ शकते. तेवढ्यावरून निश्चिंत होऊ नये. मद्य, विशेषतः बिअर, तसेच कलेजी, मटण, अतिगोड शीतपेये यांना आवर घालावा. गोव्याकडील मत्स्यप्रेमी कुटुंबांनी तारली, बांगडा व तिसऱ्या बेतानेच खाव्यात. वरणभात सोडण्याचे मात्र कारण नाही. डाळींमुळे हा रोग बळावतो असे संशोधनात आढळलेले नाही.

आता नित्याची काळजी. आपल्या जुन्या वाड्यांतील सारवलेली जमीन गेली आणि कठीण फरशी आली. तीवर दिवसभर अनवाणी वावरणे दुखऱ्या पावलांस जाचते. घरापुरती वेगळी मऊ चप्पल ठेवावी. ती बाहेर नेली नाही म्हणजे सोवळ्याचाही प्रश्न उरत नाही. पादत्राणे संध्याकाळी घ्यावीत, कारण तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. बोटांना ऐसपैस जागा, टाचेला आधार आणि उंची कमी, ही त्यांची कसोटी.

बसल्या बसल्या पावलाने हवेत मुळाक्षरे गिरवावीत. जमिनीवरचा पंचा बोटांनी गोळा करावा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणाव्यात. भिंतीचा आधार घेऊन क्षणभर एका पायावर उभे राहिल्याने घोट्याचा तोल सुधारतो. वजन थोडे उतरले तरी पावलांना हलके वाटते.

आखडलेल्या सांध्याला शेक, सुजलेल्याला गारवा, हे सूत्र ध्यानी ठेवावे. मधुमेही व्यक्तींनी मात्र पाण्याची ऊब पायाने पाहू नये. बधिर पाऊल भाजले तरी कळत नाही. वेदनाशामक गोळ्या मनाने सतत घेतल्यास जठर व मूत्रपिंडे यांवर आघात होतो. कोणा अनोळखी माणसाने दिलेल्या, चमत्कार वाटावा असा आराम देणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्यांपासून दूरच राहावे.

घरातील आजी हळूहळू देवळात जाईनाशी झाली, आईने बाजार टाळला, तर तो वयाचा दोष मानून सोडून देऊ नका. एकदा त्यांची पावले हाती घेऊन पाहा आणि सूज दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या, एवढेच आमचे आग्रहाचे सांगणे.