फिरकी गोलंदाज किती? षटकांचा जमाखर्च

१९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी आलेल्या खेळाडूंकरिता ज्या कोरमंगलात घरे बांधली गेली, त्याच कोरमंगलात माझे वास्तव्य आहे. आणि येथून सहा-सात किलोमीटरांवरच्या चिन्नस्वामी मैदानावर सामना असला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीपुढे, दिवसभर संगणकासमोर बसून थकलेली पुण्या-नागपूरकडची तरुण मुले जमतात आणि संघनिवडीची मसलत रंगते. "काका, चिन्नस्वामीवर दुसरा स्पिनर घेणं म्हणजे समोरच्याला पन्नास धावा आंदण देणं!" हे वाक्य त्या मसलतीत मी इतक्या वेळा ऐकले आहे, की ते आता अनुभवाचे मत न राहता वहिवाट होऊन बसले आहे. ही वहिवाट मला मान्य नाही, आणि तिच्याविरुद्धचे दाखले याच मैदानाच्या दप्तरात आहेत.

मुलांचा समज निराधार आहे असे मात्र मी म्हणणार नाही. मैदान लहान, समुद्रसपाटीपासूनची उंची नऊशे मीटरांहून अधिक, आणि हवा विरळ असल्यामुळे उंच गेलेला चेंडू दूर जाऊन पडतो. १८ एप्रिल २००८ रोजी आयपीएलचा पहिलाच सामना येथे झाला तेव्हा मॅक्युलमने ७३ चेंडूंत नाबाद १५८ धावा काढल्या, आणि पुढे २०१३ साली पुणे वॉरियर्सविरुद्ध गेलने ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावांची जी अतिवृष्टी केली, तिच्या आठवणीने कोणत्याही कर्णधाराचा हात फिरकी गोलंदाजाकडे चेंडू देताना अडखळावा, हे स्वाभाविक आहे. परंतु सीमारेषा जवळ असली म्हणजे तिचा लाभ केवळ फिरकीविरुद्धच होतो, हे अनुमान चुकीचे आहे. कारण वेगाने आलेल्या चेंडूची गती फलंदाजाला आयती मिळते आणि नुसती बॅटची कड लागली तरी तो यष्टिरक्षकाच्या मागून सीमेपार जातो, तर संथ चेंडूला लागणारी सगळी गती फलंदाजाला स्वतःच्या मनगटातून आणि खांद्यांतून काढावी लागते, आणि तेथेच चूक होण्यास वाव राहतो.

१ फेब्रुवारी २०१७ ची रात्र आठवावी. भारताच्या २०२ धावांचा पाठलाग करताना इंग्लंड २ बाद ११९ अशा सुस्थितीत होते, आणि तेथून अवघ्या आठ धावांत आठ गडी गमावून तो संघ १२७ धावांवर संपला. यजुवेंद्र चहलने २५ धावांत सहा गडी बाद केले, आणि त्याच्या जोडीला अमित मिश्रा हा दुसरा लेग-स्पिनर होता. अर्थात भारताने त्या रात्री याच लहान मैदानावर मनगटी फिरकीचे दोन गोलंदाज खेळवले होते. याच्या नेमका उलट दाखला याच मैदानावरच्या १५ एप्रिल २०२४ च्या आयपीएल सामन्याचा. बेंगळुरूच्या संघाने चार वेगवान गोलंदाजांवर भिस्त ठेवली, फिरकीची चार षटके हंगामी गोलंदाजी करणाऱ्या फलंदाजांकडून भागवली, आणि हैदराबादने ३ बाद २८७ धावा केल्या. त्या चारही वेगवान गोलंदाजांनी प्रत्येकी पन्नासहून अधिक, मिळून १६ षटकांत २३५ धावा दिल्या. हंगामी फिरकीला चार षटकांत ५० धावा पडल्या. पन्नास धावांचे आंदण त्या दिवशी कोणी दिले, याचा निकाल वाचकानेच द्यावा.

दुसरा गैरसमज याच्या विरुद्ध टोकाचा आहे. खेळपट्टी संथ दिसली, माती भेगाळलेली दिसली, की जितके फिरकी गोलंदाज घ्यावेत तितके थोडे, असे कित्येकांस वाटते, आणि ते नागपूरजवळच्या जामठ्याच्या सामन्याचा दाखला देतात. १५ मार्च २०१६ रोजी वीस षटकांच्या विश्वचषकाच्या सामन्यात भारताविरुद्ध न्यूझीलंडने साउदी आणि बोल्ट हे आपले दोन नामांकित वेगवान गोलंदाज बाहेर बसवून सँटनर, सोढी आणि नेथन मॅक्युलम अशा तीन फिरकी गोलंदाजांना स्थान दिले. त्या तिघांनी ११ षटकांत ४४ धावा देऊन नऊ गडी बाद केले आणि भारत ७९ धावांत गारद झाला. दाखला खरा आहे, पण त्यातून काढला जाणारा अर्थ अपुरा आहे. भारतानेही त्याच दिवशी, त्याच खेळपट्टीवर अश्विन, जडेजा आणि रैना या तिघांकडून फिरकीची षटके टाकून घेतली होती, आणि तिघांना मिळून तीनच गडी मिळाले. दोन्हीकडे फिरकीचे हात तीनच. फरक पडला तो टप्प्याचा, गतीचा, आणि न्यूझीलंडची १२६ ही धावसंख्या सहज ओलांडू म्हणून उतावीळ झालेल्या फलंदाजीचा.

खरा हिशेब षटकांचा आहे. वीस षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला चारच षटके टाकण्याची मुभा असते, म्हणजे किमान पाच गोलंदाज हवेत. पहिल्या सहा षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येतात, आणि अखेरची चार-पाच षटके बहुधा यॉर्करवाल्या वेगवान गोलंदाजांसाठी राखलेली असतात. मधल्या नऊ षटकांत दोन फिरकी गोलंदाजांची आठ षटके बिनतक्रार सामावतात. तिसरा फिरकी गोलंदाज घेतला की प्रश्न उभा राहतो तो संख्येचा नव्हे, तर त्याची चार षटके कोणत्या जागी बसवावयाची याचा. त्याला एक तर नव्या चेंडूने गोलंदाजी करता आली पाहिजे, नाहीतर त्याच्या फलंदाजीने ती जागा कमावली पाहिजे. नवा चेंडू हा वेगवान गोलंदाजाचाच हक्क आहे, ही समजूतही टिकणारी नाही: १९९२ च्या विश्वचषकात न्यूझीलंडने दीपक पटेल या ऑफ-स्पिनरकडून डावाचा आरंभ करविला, आणि याच बेंगळुरूच्या अनिल कुंबळे यांनी २००९ च्या आयपीएल अंतिम सामन्यात स्वतः पहिले षटक टाकून गिलख्रिस्टचा शून्यावर त्रिफळा उडवला व १६ धावांत चार गडी बाद केले.

पन्नास षटकांच्या खेळातही हाच न्याय लागू आहे. मार्च २०२५ मध्ये दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात भारताने चार फिरकी गोलंदाजांकडून ५० पैकी ३८ षटके टाकून घेतली आणि त्यांत १४४ धावाच दिल्या, हे पाहून अनेकांनी चार ही संख्या उचलून धरली. पण त्या चारांतले जडेजा आणि अक्षर पटेल फलंदाज म्हणूनही संघात बसले असते, हे विसरून चालणार नाही.

संख्येची नक्कल किती फसवी असते हे कोणाला पाहायचे असेल तर त्याने वीस षटकांच्या २०२४ च्या विश्वचषकातले भारताचे शेवटचे दोन सामने शेजारी ठेवावेत. अकरा खेळाडू तेच, फिरकी गोलंदाज तेच तीन. २७ जूनला गयानात अक्षर आणि कुलदीप यांनी प्रत्येकी तीन गडी बाद करून इंग्लंडला १०३ धावांत गुंडाळले. २९ जूनला बार्बाडोसमध्ये त्याच तिघांच्या नऊ षटकांत १०६ धावा निघाल्या, आणि सामना वाचवला तो बुमरा, अर्शदीप आणि हार्दिक यांनी. दोन दिवसांत संघ बदलला नव्हता, खेळपट्टी बदलली होती.

फिरकीविरुद्धची दवाची तक्रार तेवढी खरी आहे. ओल्या चेंडूवर बोटांची पकड बसत नाही, म्हणून नाणेफेक जिंकणारा कर्णधार रात्री दुसऱ्यांदा गोलंदाजी टाळतो, आणि ती जोखीम २०२५ पासून आयपीएलने रात्रीच्या सामन्यात दुसऱ्या डावाच्या दहाव्या षटकानंतर चेंडू बदलून मागण्याची तजवीज करून थोडी हलकी केली आहे.

आमच्या टपरीवरच्या मुलांना मी एवढेच सांगतो, की संघाची यादी हाती आली की फिरकी गोलंदाज मोजू नका, त्यांची षटके कोठे बसतात ते पाहा. ज्या बेंगळुरूच्या संघाने २०२४ च्या त्या रात्री वेगवान गोलंदाजांच्या १६ षटकांत २३५ धावा दिल्या, त्याच संघाने ३ जून २०२५ रोजी अहमदाबादला आपले पहिले आयपीएल विजेतेपद सहा धावांनी जिंकले, आणि सामनावीर ठरला तो चार षटकांत १७ धावा देऊन दोन गडी बाद करणारा, फलंदाजीही करणारा डावखुरा फिरकी गोलंदाज कृणाल पंड्या.