कागदावरचे ‘आर’ अक्षर

इस्पितळातून घरी येताना मिळालेल्या कार्डावर किंवा विम्याच्या कागदावर ‘आर ७३’, ‘आर ७०’ असे काहीतरी लिहिलेले असते. ते पाहून कोणी घाबरतो, तर कोणी कागद दुमडून पेटीत टाकून देतो. दोन्ही गोष्टी बऱ्या नव्हेत. म्हणून या वेळी आम्ही या खुणांचा अर्थ सांगत आहोत.

आजारांना क्रमांक देण्याची ही पद्धत जुनी आहे. फ्रान्सचे जाक बर्तियाँ यांनी १८९३ साली मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ती यादी सांभाळते. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तरी आपल्याकडील अनेक इस्पितळांत दहावीच चालते. खालचे क्रमांक त्या दहावीतले आहेत.

तिच्यात ‘आर’ अक्षर लक्षणांसाठी व तपासणीत आढळलेल्या फरकांसाठी राखले आहे. त्यातील आर ७० ते आर ७९ हे रक्तातल्या फरकांचे क्रमांक. त्यांचा अर्थ एवढाच, की रक्तात फरक दिसला, पण निदान अजून झालेले नाही. भाताचे पान पिवळे पडले म्हणजे लगेच रोग ठरत नाही. नत्र कमी असेल, पाणी साचले असेल किंवा कीड असेल. ‘आर’ म्हणजे असे पिवळे पान.

आर ७३ म्हणजे रक्तात साखर वाढलेली दिसली. उपाशीपोटी ती १२६ किंवा अधिक भरली व दुसऱ्या तपासणीतही तसेच आले, तर मधुमेहाचे निदान होते. मग नेहमीच्या प्रौढ वयातील मधुमेहाला ई ११ हा क्रमांक मिळतो. आर ७०.० म्हणजे ई.एस.आर. वाढलेला. तो क्षयात वाढतो, संधिवातात वाढतो आणि गरोदरपणातही वाढतो. नुसत्या त्या आकड्यावरून औषध सुरू करता येत नाही.

काही वेळा क्रमांक ‘आर’ नसला तरी काम अपुरेच असते. पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ च्या खाली व गरोदर नसलेल्या स्त्रीचे १२ च्या खाली गेले, तर पंडुरोग समजतात. कारण कळले नसेल तर डी ६४.९ लिहितात, लोह कमी आहे असे ठरले तर डी ५०. पण लोह का कमी झाले? अनवाणी शेतात फिरणाऱ्याच्या पायातून आकडीकृमी शिरतात व आतड्यात रक्त पितात. त्यांचा क्रमांक बी ७६. कृमी तसेच राहिले, तर लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त पुन्हा कमी होते.

फवारणी करणाऱ्यांनी तर आपले काम डॉक्टरांना आवर्जून सांगावे. काही कीटकनाशकांमुळे रक्तातील कोलिनेस्टरेज घटते. ही विषबाधा ठरली, तर तिचा क्रमांक टी ६०.० आहे. मात्र फवारणीचे सांगितलेच नाही, तर ही तपासणी करण्याचे डॉक्टरांना सुचणार कसे?

तेव्हा वाचकहो, कागद जपून ठेवा व पुढच्या भेटीस बरोबर न्या. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : हे निदान आहे की नुसता फरक? पुढची तपासणी कोणती? ती केव्हा करायची? देवाने सोपवलेल्या देहाची निगा राखणे हीही त्याची सेवाच आहे.