आंब्याच्या सावलीत काय लावावे?



मागच्या वर्षी आपण पाठवलेल्या देणगीतून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे टोमॅटो, वांगी आणि मिरचीची रोपे लावली, हे आपणांस कळवले होते. पुढे काय झाले ते कळवायचे राहून गेले; खरे सांगायचे तर मीच टाळले. रोपे उंच, काटकुळी वाढली. फुले आली ती गळाली. मुलींच्या ताटात त्या वाफ्यातून जेमतेम दोन वेळची भाजी आली. चूक माझी होती. जागा मी सकाळी 9 वाजता पाहिली आणि तेव्हा तिथे लख्ख ऊन होते.

आमचे वसतिगृह जव्हारच्या डोंगरात आहे. या वाफ्याच्या पश्चिमेला जुना आंबा, दक्षिणेला स्वयंपाकघराची भिंत. या वेळी आधी सावली मोजली. सुट्टीच्या दिवशी मुलींनी सकाळी 8 पासून दर दोन तासांनी सावलीच्या कडेला चुन्याची रेघ ओढली. डिसेंबरात एकदा आणि मे महिन्यात मी स्वतः पुन्हा एकदा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून भिंतीची सावली अर्ध्या वाफ्यावर पसरते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि भिंतीला सावलीच उरत नाही. तेव्हा अडवतो तो फक्त आंबा. पावसाळी पिकाला सकाळचे तीन-चार तास ऊन मिळेल, असा हिशेब निघाला.

फळभाजीला दिवसाला सहा तास तरी थेट ऊन हवे. फळ धरायला लागणारी शक्ती उन्हातूनच येते. पानासाठी लावलेली बरीच झाडे आणि काही कंद कमी उन्हात भागवतात. सगळे कंद नव्हेत. रताळ्याला उघडी जागाच लागते.

स्वयंपाकघरातल्या आमच्या वारली मावशी हा सगळा खटाटोप पाहून म्हणाल्या, “रानात झाडाखाली काय उगवतं ते बघायचं ना!” पहिल्या पावसाबरोबर तिथे शेवळे निघते. सुरण त्याचाच भाऊबंद. म्हणून सुरण लावला, मधल्या पट्ट्यात हळद, भांडी घासायच्या मोरीचे पाणी जाते तिथे अळू आणि कडेला मावशींनी आणलेली भारंगी. तिची कोवळी पाने भाजीला चालतात. आले थोडेच लावले, कारण पाणी साचले की ते कुजते.

आंब्याच्या बुंध्याजवळ काहीच लावले नाही. तिथे सावलीपेक्षा मुळ्यांची अडचण मोठी. ओल आणि खत तेच ओढून घेतात. जागा वाया जाऊ नये म्हणून तिथे मातीने भरलेल्या गोण्यांत हळद ठेवली. आपल्याकडे ऊन दुपारनंतर येत असेल, तर मात्र अळू जपून लावा. तेवढेच तास असले तरी ते ऊन कडक असते आणि पाने करपतात.

परवा मुली धावत आल्या: सुरणाला रोग पडला! पाने पिवळी पडून खोड आडवे झाले होते. तो कंद तयार झाल्याचा इशारा होता. रविवारी चिंच घालून भाजी केली, घशाला खाज सुटली नाही.

हळद जानेवारीच्या शेवटी काढू. बियाण्यासाठी गड्डे राखून ठेवणार आहोत. ज्यांच्या अंगणात असाच कोपरा आहे, त्यांनी भेटीला येताना कापडी पिशवी आणावी.