तीन महिन्यांचा हिशेब
वृषणात शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. परिपक्व होऊन बाहेर पडेपर्यंत तीन महिने धरा. म्हणजे आज तपासायला दिलेल्या वीर्यात गेल्या तिमाहीतल्या पार्ट्याही जमा असतात. वर्षानुवर्षं भरपूर दारू रिचवली तर टेस्टोस्टेरॉन घटतं, यकृत बिघडून इस्ट्रोजेन वाढतं, वृषणं आक्रसतात. (‘मी फक्त बिअरच घेतो’ ही सबब शरीर ऐकून घेत नाही.) शेजारच्याच्या सिगारेटच्या धुरातही निकोटिन, कॅडमियम, कार्बन मोनॉक्साइड असतंच. अशा धुराने शुक्रजंतूंच्या डीएनएला इजा होते, हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषांनुसार मिलिलिटरमागे १.६ कोटी शुक्रजंतू ही खालची संदर्भमर्यादा. पाळणा हलत नसेल तर सुनेला दवाखान्यांतून फिरवण्याआधी मुलाची वीर्यतपासणी करून घ्या. ती सोपी आहे.