पहिलं पाऊल डावं

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांची मैदानं चिखलानं भरलेली असतात. एनसीसीचं, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेनेचं वर्ष सुरू होतं ते याच चिखलात. आठवीतली मुलं-मुली रांगेत उभी असतात आणि नववीतला एखादा कॅडेट त्यांना 'सावधान' शिकवत असतो. टाचा जुळलेल्या, पंज्यांमध्ये तीस अंशांचा कोन, मुठी विजारीच्या शिवणीला लागलेल्या, नजर सरळ समोर. 'तेज चल' म्हटलं की पहिलं पाऊल डावं. ऐकायला हे सोपं वाटतं, पण पहिल्या आठवड्यात निम्मी रांग उजवा पाय उचलते आणि डाव्या पायाबरोबर डावाच हात पुढे जातो.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला शाळेच्या बँडचा सराव चालू असतो. तिथंही शिक्षक शेजारी उभे असले तरी शिकवणारी नववीचीच मुलं असतात. एनसीसीच्या कनिष्ठ विभागाचं प्रशिक्षण दोन वर्षांचं. आठवीत भरती आणि नववीत जबाबदारी, असा बहुतेक शाळांचा शिरस्ता. दहावीचं वर्ष आलं की मूल मैदानावरून वर्गात आणि वर्गातून क्लासला जातं. त्यामुळे कसलेला संच दर वर्षी हातातून निसटतो आणि दर जूनला पुन्हा पहिल्या ठोक्यापासून सुरुवात करावी लागते. शाळेच्या बँडचं आणि छात्रसेनेचं सगळं यश या एका गोष्टीवर ठरतं. नववीनं आठवीला नीट शिकवलं, तरच पुढचं वर्ष उभं राहतं.

राष्ट्रीय छात्र सेनेचा पाया पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं घातला. ही समिती 1946 साली नेमली गेली. 1948 साली कायदा झाला आणि त्याच वर्षी 15 जुलैला संघटना उभी राहिली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग सुरू झाला. चीनबरोबरच्या युद्धानंतर 1963 साली महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची झाली, 1968 साली ती पुन्हा ऐच्छिक झाली. सक्ती गेली म्हणून संघटना आटली नाही. सुमारे 20 हजार छात्रांनिशी सुरू झालेल्या या दलाची मंजूर संख्या आता 20 लाखांच्या घरात गेली आहे.

एवढा मोठा गाडा शाळेच्या पातळीवर ओढतात ते शिक्षकच. सकाळी गणित किंवा भूगोल शिकवणारे सर दुपारी खाकीत दिसतात, ते 'असोसिएट एनसीसी ऑफिसर' म्हणून. त्यांना नुसता गणवेश मिळत नाही, रीतसर प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्यासाठीची एक अकादमी नागपूरजवळ कामठीला आहे आणि दुसरी ग्वाल्हेरला. तिथून आलेले शिक्षक 'थर्ड ऑफिसर' या हुद्द्यापासून सुरुवात करतात. बटालियनकडून येणारे लष्करी हवालदार कवायतीला धार लावतात. मात्र कोणाच्या घरी परीक्षेची काळजी आहे, कोणाच्या बुटाचा तळ सुटला आहे, हे ठाऊक असतं ते शाळेतल्या सरांना किंवा बाईंनाच.

पंधरा ऑगस्ट ही वर्षातली पहिली कसोटी. संचलनाची गती मिनिटाला 120 पावलं, एक पाऊल 30 इंचांचं. ही गती राखण्याचं काम मोठ्या ढोलाचं. त्याचा जोरकस ठोका डाव्या पायावर पडतो, साइड ड्रम मधल्या जागा भरतात आणि झांजा त्या ठोक्याला उठाव देतात. ढोल वाजवणाऱ्या मुलाला धून येत नसली तरी चालतं, पण त्याची गती सरकली तर मागची सगळी पलटण सरकते.

तो चुकला नाही तरी रांगेचं शेपूट कधी कधी का चुकतं, याचं कारण ध्वनीच्या वेगात आहे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. बँडच्या 34 मीटर मागे चालणाऱ्या मुलाला ठोका एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. एका पावलाला मिळतो अर्धा सेकंद, म्हणजे शेवटची रांग पावलाच्या पाचव्या हिश्शानं मागे पडू शकते. प्रेक्षकांना वाटतं की मुलं ढिली पडली. प्रत्यक्षात ती इमानानं कानावर विसंबून चाललेली असतात. म्हणून जाणते शिक्षक मागच्या रांगांना पुढच्याच्या खांद्यांची हालचाल डोळ्यांनी टिपायला शिकवतात.

बिगुलाची परीक्षा वेगळीच. या वाद्याला ना छिद्रं, ना कळा. ओठांचा ताण आणि श्वासाचा दाब बदलूनच स्वर काढायचे, आणि तेही मोजके. नव्या मुलाच्या बिगुलातून पहिले काही दिवस नुसती हवा येते, मग एखादा फाटका स्वर येतो. एवढ्याशा स्वरांत राष्ट्रगीत बसत नाही, म्हणून ते बासरीवर किंवा पितळी वाद्यांवर घेतात. पूर्ण राष्ट्रगीत सुमारे 52 सेकंदांचं. घाई झाली की ते लवकर संपतं, ओढलं की सलामीचे हात थरथरू लागतात. त्यामुळे घड्याळ लावून सराव चालतो. फेब्रुवारी 2023 पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत झालं आणि शाळांच्या बँडपुढे आणखी एक धून बसवण्याचं काम आलं.

ही वाद्यं येतात कुठून? भारतातल्या बँडवाद्यांचं मोठं केंद्र आहे मेरठ. तिथल्या जली कोठी भागात पिढ्यान्‌पिढ्या पितळ ठोकून वाद्यं घडवली जातात. नादिर अली यांच्या नावाची तिथली पेढी 1885 सालापासूनची. लग्नाच्या वरातीतलं आणि शाळेच्या मैदानावरचं पितळ अनेकदा एकाच गल्लीतून आलेलं असतं.

सहामाही परीक्षा आणि दिवाळी उरकली की शिबिराचे वेध लागतात. दहा दिवस घराबाहेर राहणं अनेक मुलांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडतं. पहाटे पीटी, मग कवायत, नकाशावाचन, पॉइंट टू-टू रायफलचा नेमबाजीचा सराव, रात्री बुटांना पॉलिश आणि बकलाला ब्रासो. आपलं ताट आपणच घासायचं, मग वडील डॉक्टर असोत की रिक्षाचालक. नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी एनसीसी दिन येतो. रक्तदान शिबिरांची मदत, स्वच्छता आणि वृक्षारोपण हे सगळं त्याच्या आगेमागे होतं.

हिवाळा हा निवडीचा मोसम. युनिट, ग्रुप आणि संचालनालय अशा चाळण्यांतून गेलेले छात्र जानेवारीत दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिराला जातात. तिथं राज्याराज्यांच्या संचालनालयांत पंतप्रधान ध्वजासाठी चुरस असते आणि हा मान महाराष्ट्रानं अनेकदा मिळवला आहे. शालेय बँडचीही राष्ट्रीय स्पर्धा होते. मुलांचा ब्रास, मुलींचा ब्रास, मुलांचा पाइप आणि मुलींचा पाइप असे तिचे चार गट. राजस्थानातल्या पिलानीच्या बिर्ला बालिका विद्यापीठाच्या मुलींनी तर राजधानीतल्या संचलनात कित्येक वर्षं आपल्या बँडचा ठसा उमटवला आहे.

दिल्ली मोजक्यांच्याच वाट्याला येते. बाकीच्यांचं 26 जानेवारीचं संचलन गावच्या मैदानावर होतं, आणि त्याचं मोल तसूभरही कमी नाही. 'दाहिने देख' म्हणताच साऱ्या माना पाहुण्यांकडे वळतात, फक्त उजव्या कडेच्या रांगेतली मुलं समोर बघत राहतात. दिशा राखण्याची जबाबदारी त्यांची. मानवंदना देतानाही कोणीतरी रस्त्यावर नजर ठेवायची असते, हे तेरा-चौदा वर्षांचं मूल इथं शिकतं आणि पाळतं.

वर्षाअखेरीला 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा. त्यासाठी 75 टक्के हजेरी लागते, म्हणून पावसाळ्यातल्या त्या चिखलाचाही हिशोब इथं होतो. एक मेला महाराष्ट्र दिनाचं ध्वजवंदन झालं की ढोल कपाटात जातात.

या वर्षाला खरी अडचण आहे ती वेळेची आणि पैशाची. सराव शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर उरकावा लागतो, फाटलेल्या ढोलाचं पान बदलायला वर्गणी काढावी लागते आणि नववीतच मुलाला मैदानावरून काढून घेणारे पालक वाढत आहेत. शाळांनी बँड आणि कवायतीला वेळापत्रकात हक्काचा तास द्यावा. पालकांनी नववीचं वर्ष तरी मुलाला पूर्ण करू द्यावं, कारण शिकवण्याचं वर्ष तेच असतं. आणि ज्यांनी कधीकाळी खाकी घातली किंवा ढोल गळ्यात अडकवला, त्या माजी विद्यार्थ्यांनी येत्या जूनमध्ये आपल्या शाळेत जाऊन विचारावं, बँडला काय हवं आहे?