पोटातला जिवाणू: घाबरावे कधी, थांबावे कधी?

शाळेच्या मैदानावर हुंदडणाऱ्या अनेक धडधाकट मुलांच्या जठरात एक जिवाणू मुक्काम ठोकून असतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्याचे नाव. मुंबईत १९९० च्या दशकात झालेल्या एका रक्ततपासणीत चार वर्षांपर्यंतच्या २२ टक्के मुलांत, तर १० ते १९ वयोगटातील ८७ टक्के जणांत त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. म्हणजे आपल्याकडे हा संसर्ग बहुतांशी बालपणीच होतो आणि उपचारांशिवाय सहसा जात नाही.

जठरातल्या आम्लात जिवाणू फारसे तग धरत नाहीत. हा मात्र युरियापासून अमोनिया तयार करून स्वतःभोवतीचे आम्ल सौम्य करतो. त्यामुळे अल्सर होतो, हे दाखवणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. जठराच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध आहे. तरीही बहुतेकांना त्याचा कधीच त्रास होत नाही.

इथेच पालकांची गल्लत होते. मुलाचे पोट दुखते, रक्ताचा अहवाल पॉझिटिव्ह येतो आणि सगळे खापर जिवाणूवर फुटते. रक्तातील प्रतिपिंडे जिवाणूशी संपर्क आला होता एवढेच सांगतात. संसर्ग आज आहे का, हे नाही. मुलांमध्ये खात्रीसाठी दुर्बिणीने जठराचा नमुना घ्यावा लागतो. उपचारात किमान दोन प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध साधारण दोन आठवडे द्यावे लागते. अर्धवट उपचारांनी जिवाणू औषधाला दाद देईनासा होतो. लहान मुलांना संसर्ग पुन्हा होण्याचीही शक्यता असते. म्हणून निरोगी मुलांची सरसकट तपासणी करू नये.

मात्र रक्ताची उलटी, काळी शौच, वजन घटणे, झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा लोहाच्या गोळ्या देऊनही न सुधारणारा रक्तक्षय दिसल्यास तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

हा जिवाणू मुख्यतः घरातल्या जवळच्या संपर्कातून, तसेच अस्वच्छ हात आणि दूषित पाण्यातून पसरतो. धाराशिवसारख्या टंचाईग्रस्त जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरचे पाणी दिवसेंदिवस साठवावे लागते. ते झाकून ठेवावे, उकळून प्यावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे. पाणी कमी असले, तरी शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुण्यात काटकसर नको. घास चावून बाळाला भरवण्याची सवयही सोडलेली बरी.