न्हाणीचं पाणी, पन्हाळीचं पाणी

यवतमाळ शहरानं 2018 चा उन्हाळा टँकरच्या रांगेत काढला. शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं तळाला गेली होती, बेंबळा धरणाचं पाणी अजून यायचं होतं. तशा दिवसांतही घरोघरी आंघोळी आणि धुणीभांडी होत होती, आणि एकदा वापरलेलं पाणी मोरीतून सरळ नालीत जात होतं. जिल्ह्यात वर्षाला सरासरी 900 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; तोही छतावरून उतरून त्याच नालीला लागतो.

सांदवाडीतल्या चार झाडांसाठी ही दोन्ही पाणी उपयोगाची आहेत, पण त्यांचा स्वभाव वेगळा. सांडपाणी रोजमजुरीसारखं असतं: थोडं, पण रोज हाती येणारं. पाऊस म्हणजे कापसाचे चुकारे, वर्षातून एकदाच आणि एकदम. म्हणून सांडपाणी साठवायचं नाही, त्याच दिवशी वापरून टाकायचं. चोवीस तास टाकीत राहिलं की त्याला वास सुटतो आणि डास होतात.

आधी हिशेब. जलजीवन मिशननं माणशी रोज 55 लिटर पाणी धरलं आहे. पाच माणसांच्या घरात ते 275 लिटर होतं. पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि संडासाचं वजा केलं तरी दीडशे लिटर न्हाणी-मोरीतून बाहेर पडतं. मे महिन्यात पारा 44-45 वर असताना वाफ्याच्या एका चौरस मीटरला रोज आठ-दहा लिटर पाणी लागतं, हिवाळ्यात चार-पाच. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दीडशे लिटरवर पंधरा-अठरा चौरस मीटर बाग जगते. त्याहून मोठी बाग सांडपाण्यावर काढू नये, ती मेमध्ये फसवते.

आता पाणी निवडायचं. भाजी किंवा तांदूळ धुतलेलं पाणी सर्वांत चांगलं, ते थेट कुठेही घाला. त्यानंतर आंघोळीचं. त्यात साबण कमी आणि पाणी जास्त असतं. कपड्यांचं पहिलं पाणी मात्र नालीला जाऊ द्यावं आणि खळबळल्याचं दुसरं-तिसरं बागेला घ्यावं. धुण्याच्या पावडरमध्ये सोडा असतो, म्हणजे सोडियम, आणि आपल्या मातीची खरी कटकट तीच आहे. भांड्यांच्या पाण्यात तेल असतं. ते तळाला भोकं पाडलेल्या ड्रममध्ये सोयाबीनचं कुटार भरून त्यातून जाऊ द्या. कुटार तेल धरून ठेवतं. चिकट झालं की खताच्या खड्ड्यात टाकून नवं भरायचं. बाळाच्या लंगोटांचं आणि ब्लीचिंग पावडरचं पाणी बागेत अजिबात नको.

आणखी एक पाणी असं आहे, जे शहरातली पुस्तकं सांगत नाहीत. 2017 च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत हे तेव्हापासून सांगितलं जातं, पण ते पाणी कुठे जातं हे कुणी विचारत नाही. ते भाजीच्या वाफ्यात, शोषखड्ड्यात किंवा विहिरीजवळ जाऊ नये. फवारणीच्या दिवसांत न्हाणीचा पाइप बागेवरून काढूनच ठेवलेला बरा.

सोडियमचं थोडं सविस्तर. काळी माती ही बारीक चिकणमाती. तिचे कण कॅल्शियममुळे एकमेकांना धरून राहतात, म्हणून ती रवाळ दिसते. रोज साबणाचं पाणी पडत राहिलं की सोडियम कॅल्शियमची जागा घेतं. मग कण सुटतात, ओले झाले की गाळासारखे बसतात आणि मातीची छिद्रं बुजवतात. वर पांढरट पापुद्रा आला, पाणी तासभर तसंच उभं राहिलं, झाडाची पानं कडेनं करपली, तर झाड तहानलेलं आहे असं समजून आणखी पाणी घालतात आणि दुखणं वाढवतात. उपाय तीन. एक, सांडपाणी रोज एकाच आळ्यात न सोडता पाळीपाळीनं फिरवायचं. दोन, आळ्यात शेणखत आणि वर कुटार किंवा तुराट्यांच्या तुकड्यांचं आच्छादन. तीन, मे संपता संपता चौरस मीटरला मूठ-दोन मुठी जिप्सम. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं आणि पावसाचं पाणी सुटलेलं सोडियम खाली वाहून नेतं. बागेसाठी पावसाचं पहिलं काम हेच, माती धुणं. जून ते सप्टेंबर सांडपाणी बागेत सोडलं तर हे काम होत नाही, आणि काळी माती तेव्हा आधीच तुडुंब असते.

म्हणून न्हाणीच्या पाइपला दोन वाटा हव्यात: एक आळ्यांकडे, एक शोषखड्ड्याकडे. पाइप 50 किंवा 63 मिलिमीटरचा, मीटरमागे 2 सेंटीमीटर उतार, तोंडाशी केस आणि धागे अडवायला जुन्या साडीचा तुकडा. मोटर लागत नाही. पुढे लवचिक नळीचं टोक रोज एका आळ्यातून दुसऱ्यात हलवायचं, बस. पाणी पानांवर उडवायचं नाही, आच्छादनाखाली मुळाशी द्यायचं. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना या वाळवंटी राज्यानं 2001 पासून घरगुती सांडपाणी बागेला वापरायला अशाच काही अटींवर, परवान्याशिवाय मोकळीक दिली आहे. केळी, पपई, शेवगा, कढीपत्ता, अळू, कर्दळ यांना हे पाणी मानवतं. लिंबू आणि घेवडा क्षारांना नाजूक. सांभार, मुळा, गाजर अशा कच्च्या खायच्या भाज्यांना हे पाणी नको. वांगी-भेदरं चालतील, फळाला पाणी लागत नसेल तर.

शोषखड्ड्याचं उदाहरण दूर नाही. पैनगंगेपलीकडे, नांदेड जिल्ह्याच्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी खड्डे घेऊन उघड्या नाल्या आणि डास दोन्ही घालवले. चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची कुंडी, भोवती दगड-गोटे. आपल्याकडे खोल काळ्या मातीत चार फुटांवरही मुरूम लागला नाही, तर असा खड्डा पहिल्या पावसातच विहिरीसारखा भरून राहतो. मुरूम लागेपर्यंत खणावं, किंवा जागा बदलावी. विहिरीपासून पंधरा मीटर तरी लांब.

राहिला पाऊस. 500 चौरस फुटांचं छत म्हणजे सुमारे 46 चौरस मीटर. एक मिलिमीटर पावसाला त्यावर 46 लिटर पडतं, उडालं-सांडलं वजा जाता 37 लिटर हाती लागतं. वर्षाचे 33 हजार लिटर होतात. आकडा ऐकून लोक हजार लिटरची टाकी आणतात, आणि ती 27 मिलिमीटरच्या एका जोराच्या पावसात भरते. मेमध्ये ती बागेला आठवडाभर पुरेल. उन्हाळ्यासाठी टाकी घेऊ नये. ती घ्यावी जुलै-ऑगस्टच्या खंडासाठी. पाऊस दोन-तीन आठवडे दडी मारतो, तेव्हा रोपं जगवते आणि पुढच्या सरीत पुन्हा भरते. उरलेलं सगळं गिट्टी आणि रेतीच्या गाळणीतून विहिरीत उतरवावं. उन्हाळ्याची टाकी ती.

पन्हाळ टिनाच्या छतालाही बसते, कवेलूलाही. कवेलूवर पाला-शेवाळ जास्त, म्हणून जाळी हवी. मोसमातल्या पहिल्या दोन सरींत पन्हाळीचा कोपरा बाहेर वळवून धूळ आणि पाखरांची घाण जाऊ द्यायची. विहिरीत जाणाऱ्या पाण्याला तर हे टाळूच नये.

पांढरकवडा, झरी जामणी भागातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. पावसाच्या पाण्यात ते नसतं. अशा गावात टाकीचं पाणी झाडांना घालणं मला पटत नाही. स्वच्छ टिनाच्या छताचं पाणी झाकलेल्या टाकीत धरून, गाळून-उकळून ते पिण्या-स्वयंपाकाला वापरावं. पपईला न्हाणीचं पाणी पुरतं.